साडेचारची ओहोटी

समुद्रावर जायला मला फॉर्म भरावा लागला. माझं डोकं तिथूनच फिरलं होतं. पोहता येतं का, या प्रश्नापुढे तीन चौकोन: हो, नाही, थोडंफार. समुद्राची भीती वाटते का? वाळूची ॲलर्जी आहे का? शेवटी सही, इकाम्याचा, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याचा, नंबर, आणि काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं त्याचा फोन. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात वाढले. आमच्याकडे पोरं समुद्रावर जाताना घरात सांगतसुद्धा नाहीत. आणि इथे, जेद्दाच्या उत्तरेला, लाल समुद्राच्या काठावरच एका विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या बाईला वाळू सोसते का म्हणून विचारत होते. 'इतर माहिती'च्या रकान्यात मी लिहिलं, 'माझा जन्मच समुद्राकाठचा आहे.' ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.

सहल काढली होती परदेशी विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या कचेरीने. तिथल्या एका बाईंना आम्हाला आनंदी ठेवण्याचं काम नेमून दिलेलं होतं, आणि त्या ते फार मन लावून करत. गळ्यात शिट्टी, हातात यादी, आणि आम्हा तीस जणांच्या मनगटाला निळ्या कागदी पट्ट्या. बसमध्ये त्यांनी प्रत्येकाला माइकवर आपलं नाव, देश आणि आवडता प्राणी सांगायला लावला. भौतिकशास्त्रात डोकं घालून बसलेली मोठमोठी माणसं 'डॉल्फिन, डॉल्फिन' म्हणत होती. मी बोंबील म्हटलं. तो कसला प्राणी हे कुणी विचारलं नाही.

मी गेलेच नसते. गेले ते माझ्या रूममेटमुळे. ती चीनची, समुद्रापासून दोन दिवसांच्या अंतरावरच्या कुठल्याशा डोंगराळ गावातली. वर्षभर ती माझ्याकडून आमच्या समुद्राच्या गोष्टी ऐकत होती, कारण वर्षभर मी दुसरं काही बोलतच नव्हते. इथला समुद्र कॅम्पसच्या कुंपणापलीकडे दिसायचा, पण अभ्यासाच्या नादात ती एकदाही पाण्यात उतरली नव्हती. तीन आठवडे खोलीत कोंडून घेऊन ती परीक्षेची तयारी करत होती, आणि ती परीक्षा सहलीच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी नऊला होती; इथे आठवडा रविवारपासून सुरू होतो. पीएच.डी.ला पुढे राहायचं की नाही ते ठरवणारी तोंडी परीक्षा. पहिल्या वेळी ती नापास झाली होती. दोनच संधी असतात. या वेळी गेली की सामान बांधून घरी.

"एक दिवस नको पुस्तक," ती शुक्रवारी म्हणाली. "तू मला समुद्र दाखव. तुझ्यासोबत मला भीती नाही." आमचं सगळं बोलणं इंग्रजीत चालायचं, दोघींचं सारखंच मोडकं. मी म्हटलं चल, डोकं मोकळं होईल.

तिच्या चष्म्याबद्दल आधीच सांगून ठेवते. नंबर उणे साडेनऊ. चष्मा काढला की तिला स्वतःच्या हाताची बोटं मोजता येत नसत, आणि लेन्स तिच्या डोळ्यांना चालत नसत. दुसरा चष्मा महिन्यापूर्वी मोडला होता. जेद्दाच्या अझीझिया भागातल्या चष्म्याच्या दुकानदाराने काच बाहेरून मागवावी लागेल म्हणून सांगितलं होतं, आणि ती यायला अजून आठवडा होता. म्हणजे त्या शनिवारी तिच्याकडे एकच चष्मा होता, नाकावरचा.

किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीच्या पुढे कुठेतरी बस वळली आणि एका कुंपणाच्या आत शिरली. त्या बीचचं मी काय वर्णन करू! वाळू बाहेरून आणून पसरलेली, तिच्यावर सकाळी यंत्राने दाताळं फिरवलेलं. गवताच्या छत्र्या एका रांगेत, जणू शाळेची कवायत. पाणी निळंशार, आणि हालचाल म्हणाल तर बादलीतल्या पाण्याइतकी. वास नाही. चिखल नाही, शेवाळ नाही, वाळत घातलेलं जाळं नाही, खेकड्याचं बीळ नाही. पाण्याच्या कडेला ओल्या वाळूचा पट्टा फक्त वीतभर. आमच्याकडे तो चालून चालून पाय दुखावेत एवढा असतो. मला वाटलं, हासुद्धा यंत्राने पुसून घेतला असणार. लोक मात्र बसमधून उतरल्या उतरल्या 'वॉव' म्हणत होते.

लाइफ जॅकेटं वाटायला केशरी जाकीट घातलेला एक पन्नाशीचा माणूस होता. त्याने मला हिंदीत विचारलं, "इंडिया से?" मी 'हाँ' म्हटलं आणि जॅकेट न घेताच पुढे गेले. मग एका छत्रीखाली बसून अम्मीला फोन लावला आणि सगळ्यांची मनसोक्त खेचली. शिट्टीवाल्या बाई, डॉल्फिनवाले, तोंडाला जाडजूड पांढरं क्रीम थापून भुतासारखी दिसणारी माझी रूममेट. "आणि एक केशरी जाकीटवाला आहे," मी म्हटलं, "गुडघाभर पाण्यात माणसं बुडू नयेत म्हणून ठेवलाय." अम्मी हसली, आणि म्हणाली, "तुझा आवाज लांबवर जातो, जरा हळू बोल." मी म्हटलं, इथे कुणाला मराठी कळतंय.

साडेअकराला बाईंनी शिट्टी फुंकली. सगळ्यांनी कमरेच्या वरपर्यंत पाण्यात उभं राहायचं, हातात हात धरायचे आणि तीन म्हटल्यावर उडी मारायची. का, तर फोटो. कचेरीच्या पानावर टाकायला. मी काठावर बसून राहिले. रूममेट मधोमध उभी होती, एवढी खूश मी तिला आधी कधी पाहिली नव्हती. उडी पहिल्यांदा नीट आली नाही म्हणून दुसऱ्यांदा मारली, दुसऱ्यांदा कुणाचे तरी डोळे मिटले म्हणून तिसऱ्यांदा. तिसऱ्या उडीला शेजाऱ्याचा हात तिच्या तोंडावर बसला आणि चष्मा उडाला.

ती ओरडली नाही. जिथे होती तिथेच दोन्ही हात पुढे करून उभी राहिली. मी धावत पाण्यात शिरले. तीस माणसांनी नाचून तळाची वाळू पार उधळली होती, त्यात समुद्री गवताचे पुंजके. मास्क लावलेले चार जण डुबक्या मारायला सरसावले, आणखी पाचसहा जण पायाने चाचपू लागले, बाई शिट्टी फुंकत सुटल्या. हा गोंधळ बघून माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"थांबा!" मी ओरडले. "कुणी हलू नका. बाहेर व्हा सगळे!"

आणि ते झाले. एक एक पाऊल उचलत मुकाट्याने. खरं सांगते, ते मला फार आवडलं.

आमच्या खाडीत काही पडलं तर कुणी डुबक्या मारत बसत नाही. नांगर पडो, चप्पल पडो, चुलतभावाचा मोबाइल पडलेला, तोही. खूण करून ठेवायची आणि सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वाट बघायची. पाणी आपणहून मागे जातं आणि वस्तू चिखलात पडलेली सापडते. पाणी कधी जाणार तेही ठरलेलं असतं. माझ्या नानांनी, अम्मीच्या वडिलांनी, मला पाऊणकी त्यासाठीच पाठ करून घेतली होती. चांदाची जी तारीख असेल तिला पाऊणने गुणायचं, जेवढे तास येतील तेवढ्या वाजता भरती. त्यात सहा मिळवले की ओहोटी. हिंदू कोळी तिथी घेतात, आम्ही चांद घेतो, हिशेब एकच. आणि सौदीत तर चांदाची तारीख शोधावी लागत नाही, मोबाइल उघडला की समोर असते. त्या दिवशी चौदावा चांद होता. चौदाची पाऊणपट साडेदहा. साडेदहाची भरती, साडेचारची ओहोटी, आणि पुनवेच्या तोंडावर म्हणून उधाणाची, पार लांब जाणारी.

हे सगळं मी त्या तीस जणांना वाळूत बोटाने आकडे काढून समजावलं. तोंडाचा पट्टा असा चालला होता की विचारू नका. तळ ढवळलात तर चष्मा वाळूत गाडला जाईल, मी म्हटलं. साडेचारपर्यंत इथे कोरडं होईल, आपण चालत जाऊन उचलू. बस पाचला आहे, अर्धा तास हातात उरतो. समुद्राच्या कामात घाई करणारे लोक मूर्ख असतात. हेही म्हटलं.

कुणीच शंका काढली नाही. समुद्राकाठची पोरगी, तिला कळणारच. बाईंना तर नवा नियम मिळाल्याचा आनंद झाला. त्यांनी दगडाला बांधलेला एक रिकामा कॅन खुणेसाठी पाण्यात सोडायला लावला, भोवती दोरी बांधून घेतली, आणि मी सांगेपर्यंत त्या दोरीच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही असं जाहीर केलं. माझी रूममेट माझ्या शेजारी बसली. तिने एकदाच विचारलं, "नक्की ना?"

"अगदी नक्की," मी म्हटलं.

जेवणाचे डबे आले. मंदी नावाचा अरबी मसालेभात आणि वर अर्धी कोंबडी. मी तिला डब्यात कुठे काय आहे ते सांगत होते आणि ती चाचपून खात होती. जेवता जेवता माझं लक्ष काठाजवळच्या एका काळ्या दगडाकडे होतं. बाराला पाणी त्याच्या मानेपर्यंत होतं. एकला मानेपर्यंत होतं. मी मनात म्हटलं, सुरुवातीला सावकाशच उतरतं. दोनला मानेपर्यंत होतं. मी जागा बदलून बसले, तिथून दगड दिसत नव्हता.

अडीचच्या सुमाराला केशरी जाकीटवाला माझ्यापासून थोडा लांब येऊन उभा राहिला. हातात जॅकेटांचा भारा होता, म्हणजे कामासाठीच आल्यासारखा.

"बाय, जरा हिकडं ये," तो म्हणाला. मराठीत.

मी उठून गेले. माझे कान गरम झाले होते. सकाळचा फोन या माणसाने ऐकला होता, त्यातला त्याच्यावरचा शेरासुद्धा.

"तू आपल्या रत्नागिरीकडची ना? मी गुहागरचा. सोळा वर्सं झाली हितं." आवाज अगदी खाली होता. "त्यांच्यासमोर नाय बोललो, बरं नाय दिसत. हितं सुकती नाय होत गो. बोटभर पानी हलतं, बास. आपल्याकडला हिशेब हितं चालत नाय."

मी त्याच्या हातातल्या जॅकेटांकडे बघत राहिले.

"अगो, मी पन फसलो पयल्या वर्षी," तो हसला. "यान्बू बंदरातल्या कंपनीतून हितं आलो तवा. होडी कमरेभर पान्यात नांगरली. म्हटलं सुकतीला बसंल, मग बुड खरवडतो. दोन दिस बसून ऱ्हायलो काठावर. लोक येडा म्हनाले. आपल्याकडच्या मानसाला हे खरंच वाटत नाय, काय करनार?" मग त्याने कॅनकडे बघितलं. "आता गाळ बसलाय, तळ साफ दिसतो. ती मास्कवाली पोरं आनि मी, एका दमात दोरी धरून बगतो. अर्ध्या तासात गावंल. पन तीनला वारा सुटतो हितं, रोज. मग लाटा येतात, काय दिसनार नाय. तू फकस्त त्या बाईला सांग, दोरी काढा म्हनून. तुझं ऐकतील."

बाईंना तो स्वतः सांगू शकला असता. पण पाहुण्यांच्या शिट्टीवाल्या बाईंना शहाणपण शिकवणारा नोकर कुठल्याच बीचवर टिकत नाही, आणि त्याला सोळा वर्षं झाली होती. शिवाय त्याला माझी लाज राखायची होती. स्वतःच पाणी बघून विचार बदलल्याचं मी दाखवावं म्हणून तो मला वाट करून देत होता.

तो खरं बोलतोय हे मला त्याच क्षणी कळलं. कळलं कसलं, मला ते दगडाकडे बघून एक वाजल्यापासून माहीत होतं. फक्त उठून बाईंपर्यंत वीस पावलं चालायचं आणि म्हणायचं होतं, चुकले मी, शोधा. आणि मग त्या डॉल्फिनवाल्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. वाळूत काढलेली ती पाऊणकी अजून पुसली गेली नव्हती.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही तुमचं काम करा."

त्याचा चेहरा पडला नाही, रागावलाही नाही तो. "बरं," म्हणाला, आणि जॅकेटं धुवायला नळावर गेला.

मी परत येऊन बसले. रूममेटने विचारलं, "कोण होता? काय म्हणाला?" तिला माणूस कोण तेही दिसलेलं नव्हतं, नुसता केशरी ठिपका दिसला होता.

"आमच्याकडचा आहे," मी म्हटलं. "गाव कुठलं म्हणून विचारत होता."

तीनला पाच मिनिटं कमी असताना छत्र्यांचं गवत वाजू लागलं. सव्वातीनला पाण्यावर पांढऱ्या लाटा होत्या आणि सकाळचं निळं पाणी मातकट झालं होतं. कॅन नाचू लागला, मग त्याची दोरी दगडावरून निसटली आणि तो वाहत काठाला लागला. तरी मी बसून होते. साडेचारला हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. पाणी दगडाच्या मानेपर्यंतच होतं, आता त्यावर लाटा आपटत होत्या. पावणेपाचला मी म्हटलं, "आज काहीतरी वेगळं आहे." मग मुलं धावली, तो माणूसही धावला, जाकिटासकट पाण्यात शिरला. पंधरा मिनिटं सगळ्यांनी मिळून तळ चाचपला. हाताला येत होतं ते गवत. पाचला बाईंनी शिट्टी फुंकली.

निकाल इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच आशा राहायला नको. रविवारी ती परीक्षेला बसली. मोबाइलचा कॅमेरा भिंतीवरच्या आलेखांवर रोखायची आणि स्क्रीन नाकाला लावून वाचायची. परीक्षकांनी दाखवलेल्या पाचपैकी दोन आलेखांत तिने उलटी रेघ वाचली. पुढच्या प्रश्नांची उत्तरं अर्थात त्या उलट्या रेघेवरून दिली. तिला नापास केलं. पाच आठवड्यांनी ती गेली, जाताना तिने मला मिठी मारली. मी अजून इथेच आहे. पुढच्या वर्षी माझी पीएच.डी. होईल. त्या कचेरीच्या सहलींची मी अजूनही टिंगल करते आणि लोक हसतात. बिनओहोटीच्या समुद्राचा किस्सासुद्धा सांगते, स्वतःची चेष्टा करत, साडेचारला मी कशी तोंडघशी पडले ते. अडीच वाजताचा भाग त्यात येत नाही.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी, खिडकीकडे बसली होती. बाहेर उन्हं कलली होती, तिला त्याचा नुसता पिवळा धूर दिसत असणार. मग ती म्हणाली, परीक्षा आठ दिवस पुढे ढकला अशी विनंती करून बघते, तू तुझ्या मोबाइलवरून लिहिशील का, मला अक्षरं दिसत नाहीत.

मी मोबाइल काढला. ती सावकाश सांगत गेली, मी टाइप करत गेले. चष्मा कसा गेला. दुसरा कधी येणार. आधी कळवू शकले नाही याबद्दल क्षमस्व.

"आता हे लिही," ती म्हणाली. "चष्मा शोधण्यात कुणाचाही हलगर्जीपणा झाला नाही. माझी रूममेट समुद्र लहानपणापासून ओळखते. तिने आपल्या अनुभवाप्रमाणे योग्य तोच सल्ला दिला. इथलं पाणी उतरत नाही, हे तिथे हजर असलेल्या कोणालाच माहीत नव्हतं."

माझा अंगठा थांबला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"ते तुला दोष देतील," ती म्हणाली. "तू परत कधी कुणाला समुद्र दाखवणार नाहीस."

तिचे डोळे माझ्या चेहऱ्याच्या दिशेने होते, पण चेहरा तिला दिसत नव्हता. स्क्रीनही दिसत नव्हती. तिथे मी काहीही लिहिलं असतं तरी तिला कळलं नसतं. परीक्षकांना अडीच वाजताचं खरं कळवलं असतं, दोष माझा आहे, तिला वेळ द्या म्हणून, तरी तिला कळलं नसतं, आणि कदाचित त्यांनी वेळ दिलाही असता.

मी तिने सांगितलं तसंच टाइप केलं. 'कोणालाच माहीत नव्हतं.' एक शब्द चुकला होता, तो दुरुस्त केला.

"सगळं लिहिलंस?" तिने विचारलं.

"सगळं," मी म्हटलं, आणि पाठवून दिलं.